बाबांच्या नावानं

वडनेर
१२ मे २०२१

प्रिय मंजुषाताई,
सप्रेम जय भीम.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. नागपुरात सगळे बरे असाल. इथं ऊन फार आहे. तुमचे भाऊ वखरणीला लागले आहेत. आई जेवते, पण थोडंच.

बाबांना लस द्यायला मी नेलं आणि आठवड्याभरात ते गेले. "तूच नेलंस, तूच मारलंस," असं तुम्ही म्हणालात.

गावानंही तेच धरलं. लसवाले आले की लोक कुलूप लावून शेतात. "लहानूचं काय झालं, पाह्यलं ना?" एवढं बाबांचं नाव घेऊन कोणी म्हटलं की विषय संपला. समोरच्या सुलोचनाबाईंना धाप लागली, तरी त्या तपासून घ्यायला गेल्या नाहीत. "मले लहानूभाऊसारखं सुईनं मरायचं नाई," म्हणत राहिल्या आणि घरातच वारल्या.

हे आईच्या कानावर आलं. त्या दिवशी तिनं ताटाला हात लावला नाही.

काल शाळेत पुन्हा लस होती. नर्सबाई रिकाम्या बसलेल्या, लोक बाहेर लिंबाखाली उभे. आई तरातरा आत निघाली, मी मागे धावले. दारातच ती लोकांकडे वळली.

पुढचं तुम्हाला लिहावं की नाही, सकाळपासून ठरत नव्हतं.

"त्याईले सुईनं नाई मारलं," आई म्हणाली. "ताप आधीच होता. मले मालूम होतं. कोरोना सेंटरवर नेतीन, मंग तोंड पाहाले भेटनार नाई, म्हनून म्या लपवलं. तापाची गोळी देऊन लसीले धाडलं. आता त्याईच्या नावानं अजून कोनी मरू नका."

आणि तिनं बाही वर केली.

मग सुलोचनाबाईंचे यजमान आत येऊन तिच्या मागे उभे राहिले. नंतर आणखी काही जण आले. सगळे नाही.

आईचा हात दुखतो, बाकी बरी आहे. "मंजूले सांगतलं का?" म्हणून विचारते, आणि मी उत्तर देण्याआधीच उठून जाते.

ताई, रस्ते खुले झाले की या. तिला काही विचारू नका, नुसत्या जवळ बसा. राग ठेवायचाच असेल तर माझ्यावरच राहू द्या. मला तो सोसतो, तिला सोसणार नाही.

तुमचीच,
मयुरी