चिरनेरच्या तुकड्यातला मोगली एरंड

मी, कृष्णकांत काशिराम मोकल, वय ७४, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार लाइन आळी, पनवेल, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचाही दबाव नसताना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर नव्हते ते २००७ साली. ते खाली येईलच.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी मुलगी आभा हिला. घर विकावे की ठेवावे, तिची मर्जी. फक्त बैठकीला तो जांभळा रंग देऊ नये.

२. विज्ञानाची पुस्तके मित्र जमाल याला. तशी ती त्याने वाचायला म्हणून कधीच नेली आहेत. आता परत मागणार नाही.

३. चिरनेरचा माझ्या नावावरचा तीन एकरांचा तुकडा धाकटा भाऊ आनंदा याला, विनाअट.

भात निघाले की तिथे आम्ही वाल पेरायचो. जानेवारीत शेंगा भरल्या की बाबा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, मीठ भरून मडके पालथे घालत आणि भोवती पेंढा पेटवत. त्या पोपटीसाठी आम्ही दोघे भाऊ हात भाजून घ्यायचो. 

मग २००७ साली एका कंपनीचा माणूस रंगीत पत्रके घेऊन आला. मोगली एरंड लावा, बियांचे तेल परदेशी गाड्यांत इंधन म्हणून जाईल! आमच्या बांधावरून बंदराच्या क्रेन दिसतात. तेल डोळ्यांदेखत जहाजात चढेल, असे मला वाटले. आनंदा म्हणाला, "दादा, ही कुंपनाची झाडा हान. बकरी बी तोंड लावत नाय." मी त्याला चारचौघांत अडाणी म्हणालो. तरीही माझ्या शब्दाखातर त्याने वाल सोडला आणि खड्डे खणले.

अख्ख्या गावाने जे झाड गुरे अडवायला बांधावर लावले, ते या शहाण्याने शेताच्या मधोमध लावले. बिया लागल्या मूठभर. त्याही न्यायला कोणी फिरकले नाही. आनंदा तळोज्याला कारखान्यात पाळीवर जाऊ लागला आणि माझ्याशी बोलायचा थांबला. झाडे अजून उभी आहेत. आनंदा, मी चुकलो. इतक्या वर्षांत तोंडातून निघाले नाही, म्हणून इथे लिहितो.

४. वरील मजकूर आभाने परवा आनंदाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मेल्यावर जमीन देतंय? मना नको. झाडा त्याच्या सांगन्यानं लावली, आता उपटायला बी त्यानंच यावा. कुदळ मी देतो. त्याला सांग, जित्ता हाय तवर ये."

सबब दुरुस्ती करतो. बाकीची कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. कलम ३ उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने.

लिहून देणार: कृ. का. मोकल (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. जमाल मुकादम (सही)
२. डॉ. चारुता वैशंपायन (सही)

पनवेल, १२ जानेवारी २०२५