अठरा मासे आणि एक घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घरी, पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून, स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी बुद्धी आजच्या दिवशी शाबूत आहे. 'आजच्या दिवशी' हे शब्द वकीलबाईंना नको होते. त्या म्हणाल्या, "नुसतं शाबूत आहे, एवढं पुरतं." मी म्हणाले, पुरत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, त्यावरही आजचीच तारीख आहे.

दाखला का लागला, हे आधी सांगते.

मला मूल नाही. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांचे धाकटे भाऊ त्याआधीच गेले होते. तेव्हापासून मी आणि माझी धाकटी जाऊ या घरात एकत्र राहतो. पुढे तिला धाकटी असेच म्हटले आहे, कारण मी तिला दुसऱ्या कुठल्या नावाने कधी हाक मारलेली नाही. ती टेलिफोन खात्यात होती. दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचे तिचे काम, माझे काम काचेच्या नळ्यांशी. त्यामुळे घरात ती बोलते आणि मी लिहिते. घर माझ्या नावावर आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मी पुढच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी बसवून घेतली. तळाशी पोषक माती, वर बारीक खडी, मागे लांब पातीची झाडे, मध्ये एका लाकडाला दोऱ्याने बांधलेले नेचे. झाडे जोमाने वाढावीत म्हणून कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडरही लावला. त्याला एक बारीक चावी असते. ती जितकी उघडावी तितके बुडबुडे पाण्यात जातात.

धाकटीला दुसऱ्याच दिवशी मासे हवे होते. मी तिला सहा आठवडे थांबवले. नव्या टाकीच्या पाण्यात माशांची घाण पचवणारे जिवाणू नसतात. ते तयार होईपर्यंत मासे सोडले, तर ते आपल्याच विषात मरतात. मी रोज सकाळी नळीत पाणी घेऊन थेंब टाकायची, रंग तक्त्याशी जुळवायची आणि वहीत लिहायची. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशाने झाला नव्हता. अमोनिया आधी चढला, मग उतरला, त्याच्या मागून नायट्राइट चढले, तेही उतरले. सलग सात दिवस दोन्ही शून्य आल्यावर मी धाकटीला म्हणाले, "चल."

टाकीवाल्याच्या दुकानात धाकटीला लांब झालरीचे, जाडजूड सोनेरी मासे आवडले. मी नाही म्हणाले. ते झाडे उपटतात, घाण फार करतात आणि टाकीत मावणार नाहीत एवढे वाढतात. शिवाय आमचे पाणी मऊ आहे, त्यात काय सुखाने जगेल ते मी आधीच लिहून नेले होते. शेवटी बारा निऑन टेट्रा ठरले, निळ्या रेघेचे, जथ्याने राहणारे. आणि तळाशी फिरणारे सहा मिशीवाले. तेही एकदम नाही. आधी सहा टेट्रा, मग दोन आठवड्यांनी उरलेले सहा, मग मिशीवाले. टाकीवाला हसून म्हणाला, "काकू, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज एक आलं तर माझं दुकान बंद पडेल."

प्रत्येक वेळी दिवा मालवून मी बंद पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली. मग पिशवीत दर पाच मिनिटांनी टाकीतले एक वाटी पाणी. तासाभराने मासे जाळीने उचलून आत, आणि दुकानाचे पाणी मोरीत. धाकटी काचेला नाक लावून बसायची. "वहिनी, तो मागचा बुजलाय," म्हणायची. मी म्हणायची, "बुजू दे. उद्या खाईल." आणि दुसऱ्या दिवशी तो खायचा.

पाच आठवडे अठराच्या अठरा मासे ठणठणीत होते. नंतर एका मंगळवारी सकाळी मी पुढच्या खोलीत आले, तर सगळे मेलेले होते.

टेट्रा पाण्यावर आडवे तरंगत होते, त्यांची निळी रेघ विझली होती. मिशीवाले खडीवर उताणे. पाणी स्वच्छ होते आणि झाडे कधी नव्हे इतकी टवटवीत. मी जाळी हातात घेतली आणि एकही मासा न काढता उभी राहिले.

आदल्या संध्याकाळी धाकटीने स्वयंपाकघरात झुरळांचा फवारा मारला होता, हे मला आठवले. पुढचे मी जसे घडले तसे लिहिते. माझ्याच अब्रूचा प्रश्न आहे म्हणून गाळत नाही.

मी तिला बोलावले. ती म्हणाली, "वहिनी, मी दार लावून मारलं होतं. खिडकी उघडी ठेवली होती."

मी म्हणाले, "पस्तीस वर्षं मी चुका शोधायचं काम केलंय. मला शिकवू नकोस."

"मी मारले नाहीत वहिनी."

"मग कोणी मारले? या घरात तिसरं कोण आहे? आणि घर माझं आहे. इथं राहायचं तर माझ्या पद्धतीनं राहायचं, नाहीतर दार उघडं आहे."

अकरा वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते. तिने तासाभरात एक बॅग भरली, गॅस बंद आहे का ते पाहिले आणि तिच्या बहिणीकडे निघून गेली.

चौथ्या दिवशी टाकीवाला आला. मीच त्याला बोलावले होते, फवाऱ्याचा पुरावा हवा म्हणून. त्याने आधी सिलिंडरकडे पाहिले. "काकू, ही चावी एवढी कशी उघडी? बुडबुडे मोजता येत नाहीत इतके आहेत. एवढ्या गॅसमध्ये मासा गुदमरणारच. झाडं मात्र खूश होतात."

मी म्हणाले, "त्या चावीला मी हात लावलेला नाही."

"वही बघा. तुम्ही तर सगळं लिहिता."

मी वही आणली, ती केवळ त्याला खोटे पाडण्यासाठी. सोमवारचे पान उघडले. सकाळी नऊ दहा : बुडबुडे कमी वाटतात, चावी पाव वेढा उघडली. अकरा पस्तीस : बुडबुडे कमी वाटतात, चावी पाव वेढा उघडली. दोन पन्नास : तेच. पाच वाजता : तेच. चारही ओळी माझ्या अक्षरात, सरळ, खाडाखोड न करता. आणि रोज संध्याकाळी 'गॅस बंद केला' अशी ओळ असते, ती त्या पानावर नव्हती.

यातली एकही ओळ लिहिल्याचे मला आठवत नव्हते. आजही आठवत नाही. टाकीवाल्याने पान वाचले, माझ्याकडे पाहिले आणि मला पाणी आणून दिले.

डॉक्टरांनी मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावले, उलटे आकडे म्हणायला लावले. घड्याळ मी छान काढले. शेवटी ते म्हणाले, "आता ते शब्द सांगा." मी विचारले, "कोणते शब्द?"

आजाराचे नाव त्यांनी सांगितले, ते कागदावर आहे. सुरुवात आहे, म्हणाले. व्यवहार आत्ताच मार्गी लावा, म्हणाले. म्हणून हे मृत्युपत्र.

आता वाटणी.

एक. माझा सूक्ष्मदर्शक जवळच्या शाळेला द्यावा. त्याची भिंगे साध्या फडक्याने पुसू नयेत.

दोन. कपाटात सर्वांत वर, कापडात गुंडाळलेले एक जुने रजिस्टर आहे. ते रद्दीत द्यावे. बावीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत दोन रुग्णांच्या नळ्यांची अदलाबदल झाली आणि मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझ्यावर ठपका ठेवला. तेरा दिवसांनी मी या रजिस्टरवरून सिद्ध केले की चूक त्यांच्या विभागातली होती. त्यांनी "बरं" म्हटले आणि विषय संपवला. माफी मागितली नाही. मी ते रजिस्टर घरी आणून ठेवले आणि बावीस वर्षे त्यांच्याशी चकार शब्द बोलले नाही. खोटा आळ घेतल्यावर माणसाला ते किती लागते, हे मला पक्के ठाऊक होते. ठाऊक असून मी धाकटीवर तो घेतला. आता मोठ्या डॉक्टरांवर राग धरायला मला तोंड उरलेले नाही. त्यांना हे कोणी कळवू नये.

तीन. टाकी, सिलिंडर, जाळ्या आणि सर्व सामान धाकटीचे. मासे तिने निवडावेत. तिच्या माहितीसाठी : दुकानात मासा पसंत पडला तरी आधी दहा मिनिटे नुसते बघावे. त्याला खायला घालायला सांगावे, खाल्ले तरच घ्यावा. ज्या टाकीत एकही मेलेला दिसेल तिथला घेऊ नये. किती मोठा होतो आणि एकटा राहतो की जथ्याने, हे विचारावे. एका वेळी पाच-सहाच आणावेत. पिशवीतले पाणी कधीही टाकीत ओतू नये. चावीला वेळेवर उघडबंद होणारे यंत्र टाकीवाल्याने बसवून दिले आहे. त्याला मी हात लावू नये.

चार. बँकेतली शिल्लक आधी माझ्या औषधपाण्याला आणि देखभालीला वापरावी. उरेल ती धाकटीची.

पाच. घर. याबद्दल वकीलबाईंशी माझी बरीच हुज्जत झाली, म्हणून जे केले ते का केले ते लिहिते.

वहीतले ते पान पाहिल्यावरही मी धाकटीकडे लगेच गेले नाही. आणखी पाच दिवस घरात बसून राहिले. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती. नवव्या दिवशी वही पिशवीत घालून तिच्या बहिणीच्या घरी गेले. दार धाकटीनेच उघडले. मी बोलायचे पाठ करून गेले होते, ते काही जमले नाही. मी ते पान उघडून तिच्या पुढे धरले.

तिने चष्मा लावला. चारही ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मला वाटले, आता ती म्हणेल, बघा, मी सांगत होते. ती म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही ब्लडप्रेशरची गोळीही चारदा घेतली नाहीत ना?"

मी म्हणाले, "आठवत नाही."

ती खुर्चीत बसली. मग तिने सांगितले की आठ महिन्यांपासून तिला कळत होते. मी दूध तापत ठेवून विसरते, ती गॅस बंद करते. मी एकच बिल भरायला दुसऱ्यांदा निघते, ती म्हणते, राहू द्या, मी जाते. ते ऐकून मला त्या पानाहूनही मोठा धक्का बसला. आठ महिने माझ्या मागे ती माझ्या चुका पुसत फिरत होती, आणि मला ती फक्त बडबडी वाटत होती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"कसं सांगणार? तुम्ही वही काढून मलाच खोटं पाडलं असतं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "मला फार लागलं वहिनी. लगेच जाणार नाही ते." मी म्हणाले, लगेच जाऊही नये. तिने बॅग आतून आणली. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली.

डॉक्टरांना मी सरळ विचारले, पुढे मी काय काय करेन? ते म्हणाले, "संशय घ्याल. बहुतेक जवळच्याच माणसावर." म्हणजे ते वाक्य मी पुन्हा बोलणार आहे. घर माझं आहे, दार उघडं आहे. कदाचित रोज बोलेन, आणि तेव्हा मला समजवायला कोणाकडे काही नसेल.

म्हणून वकीलबाईंना सांगितले की घर मृत्युपत्रात नको, आजच बक्षीसपत्र करा. त्या म्हणाल्या, "अहो, हयातीत नावावरून घर काढू नका. उद्या त्यांनी तुम्हाला बाहेर काढलं तर?" मी म्हणाले, "तिने काढण्यापेक्षा मी तिला काढण्याची भीती जास्त आहे. मी एकदा काढलंय."

बक्षीसपत्राची नोंदणी आज सकाळी झाली. आता हे घर धाकटीचे आहे आणि मी तिच्या घरात राहते. धाकटीला हे कार्यालयात सही करतानाच कळले. तिने लेखणी खाली ठेवली. मग मला म्हणाली, "तुम्ही मला विचारायला हवं होतं," आणि सही केली. ते खरे आहे. विचारले असते तर ती नाही म्हणाली असती, हेही खरे आहे.

सहा. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही, असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे त्याआधीच वाचायचे आहे. धाकटे, मी तुला जायला सांगेन त्या दिवशी जाऊ नकोस. मी कितीही ठामपणे सांगितले तरी. सांगणारी मी नसेन, आणि घर माझे नाही. मी कधी तुझी माफी मागितली होती हेही मी विसरेन. तेव्हा आज, सगळे आठवत असताना, साक्षीदारांसमोर पुन्हा मागते.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला समजला, आणि खाली सही केली.

सही : लिहून ठेवणारी

साक्षीदार :
१. टाकीवाला (सही)
२. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)

धाकटी लाभार्थी असल्याने तिची साक्ष चालत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. सह्या होईपर्यंत ती माझ्या खुर्चीमागे उभी होती.

ठिकाण : धाकटीचे घर
दिनांक : अकरा मार्च, दुपारी सव्वाबारा