पूल सोडून काढलेले फोटो

१४ नोव्हेंबर

आजही फोटो जमला नाहीच!

अनिरुद्धने डाव्या हाताने मोबाईल घेतला, पाहिला, परत दिला. "खेळणं," म्हणाला. अर्धांगाचा झटका आल्यापासून असे एकेकच शब्द येतात त्याला. त्यातला हा माझ्या वाट्याला.

त्याचं शिल्प, तीस फुटी लोखंडी बाई. डोक्यावरचं ओझं उतरवणारी. साकीनाक्याच्या गाळ्यात वर्षानुवर्षं ठोकत होता. ती उभी राहिली तेव्हा हा आयसीयूत. अजून प्रत्यक्ष पाहिलेलीच नाही. माझ्या फोटोंत दिसेल तेवढीच.

१६ नोव्हेंबर

पुन्हा विक्रोळीला, बाई उभी आहे तिथे. पायाशी उकिडवी बसून काढले, तर बाई कशी भरभक्कम दिसते! पण मागे पूल येतोच. मग लांब जाऊन झूम केलं, पूल कापला — झाली टेबलावरची बाहुली. बाजूला माणूस नाही, झाड नाही. मोठी म्हणायची कशावरून?

पालिकेने त्याला बागेतली जागा दाखवली होती. तो आजारी पडला आणि जागा बदलली. आता ती हायवेला, फ्लायओव्हरला चिकटून. पुलाचा कठडा तिच्या खांद्याशी येतो. हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून पूल बाहेर, खांब बाहेर, ट्रक बाहेर.

लग्नांचे फोटो काढण्यात आयुष्य गेलं माझं. नवऱ्याच्या एका कामाचा धड फोटो जमत नाही.

१७ नोव्हेंबर

जया म्हणते, "वहिनी, दादाला सांगून टाक ना. किती दिवस लपवणार?"

नणंदेचं काय, बोलून मोकळी!

२१ नोव्हेंबर

फोटो बघणंच सोडलं त्याने. भिंतीकडे तोंड. व्यायामाला येणाऱ्या क्षमाताईंना हात लावू देत नाही. चहा मी ठेवला, मीच तसाच उचलला. वाट लागलीय आमची.

२३ नोव्हेंबर

जयाला घेऊन गेले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून तिने काढला — पूल, होर्डिंग, ट्रक, सगळं. बाईच्या पायाशी मी उभी. काही कापलं नाही.

घरी येऊन त्याच्यासमोर धरला. खूप वेळ बघत राहिला. मग, "बाग?"

"नाही रे. बाग नाही दिली त्यांनी."

रडला. आवाज न करता. मीही. मग त्याने फोटोतल्या बाईच्या डोक्यावर बोट ठेवलं. "मोठं... खालून..."

कळायला मला वेळ लागला. बागेत खालून वर बघणाऱ्याला बरोबर दिसावं म्हणून डोकं मुद्दाम मोठं केलं होतं त्याने. आता पुलावरून जाणारे समोरासमोर बघतात. त्यांना ती मोठ्या डोक्याचं खेळणंच दिसणार. रोज. माझे फोटो चुकले नव्हते गं बाई, तिची जागाच चुकली! आणि ती आता कोण हलवणार?

२४ नोव्हेंबर

सकाळी त्याने तोच फोटो मागितला. दोन बोटांनी मोठा केला — बाईला नाही, खाली उभ्या मला. मग अडखळत तीन शब्द जोडले.

"किती वाळलीस गं."