दुपारची राखण

कंधार,
गुरुवार

प्रिय महामाया,

सप्रेम जयभीम. देगलूरला आपल्या थोरल्या अंजूकडे पोचल्याचा तुझा फोन आला, तेव्हा आवाजावरूनच कळलं की तुझी झोप झालीय. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तीस वर्षं गावाची पत्रं वाटली, पण स्वतः लिहिलेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा सांभाळून घे.

काल तुझा रिपोर्ट आणला. कावीळ पूर्ण उतरली. तुझी आई दवाखान्यातच रडायला लागली. मी नाही रडलो. बाहेर येऊन चष्मा पुसला, एवढंच.

पण तुला बरं व्हायला जो उशीर लागला, त्याला कारण मी. लातूरला सहा वर्षं तू रात्रपाळीची सिस्टर. सकाळी नऊला झोपायचं, चारला उठायचं, हे तुझ्या अंगवळणी पडलेलं. आणि मी जन्मभर पहाटे पाचला उठलेला पोस्टमन! लवकर उठणारा आजारी लवकर बरा होतो, हे माझं शास्त्र. तू रात्रभर छताकडे बघायचीस आणि सकाळी कुठं डोळा लागला की मी मोसंबीचा रस घेऊन हजर. मग भेटायला येणारे. आजाऱ्यानं डोळे उघडून ओळख दिल्याशिवाय आपल्याकडे कुणी उठतच नाही. शेजारची नागुबाई तर दिवसातून दोनदा. दुसऱ्या रिपोर्टात कावीळ होती तिथंच. वर मीच चारचौघांत म्हणालो, रात्री जागून जीव घालवण्यापेक्षा ती नोकरी सोड. तू कागद-पेन मागून घेतलंस.

डॉक्टरांनी विचारलं, झोपते किती? मी म्हणालो, दिवसभर लोळतच असते. तशी तुझी आई माझ्यावर कडाडली, "लोळती कुठं? झोपू दिलं का तुमी तिला?" डॉक्टर म्हणाले, औषध आपलं काम करेल, पण अंगात ताकद भरायला सलग सात-आठ तास झोप हवी. ठरलेल्या वेळी आणि अंधारात. सध्या तिची वेळ दिवसाची असेल तर दिवसा झोपू द्या.

त्या दिवसापासून खिडकीला घोंगडी आणि दाराबाहेर माझी खुर्ची. नागुबाई म्हणाली, "ह्या टायमाला झोप? लई लाडावून ठिवली पोरीला." म्हटलं, हाव, ठिवली.

दुसऱ्याच सकाळी मी पोस्टात निघालो होतो, तर उदगीरचे गुरुपादप्पा दारात. किराणा दुकानदार माणूस. त्यांची बायको नीलम्मा अकरा रात्री तुझ्या वॉर्डात होती. पहाटे तीनला तिचा श्वास बिघडल्याचं तूच ओळखलंस आणि डॉक्टरांना बोलावलंस, हे मला त्यांच्याकडून कळलं. तू घरात कधी बोलली नाहीस. एवढ्या लांबून आलेत म्हणून मी तुला उठवायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. "नगा उठवू. त्या लई जागल्यात आमच्यासाठी." तीन तास पायरीवर बसले आणि तुला न भेटताच गेले. पोरी, मला इतका अभिमान वाटला की संध्याकाळी अख्ख्या गल्लीला ऐकवत सुटलो. नागुबाईला दोनदा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या सकाळी मी पोस्टात निघालो होतो, तो माझ्या बोलण्यावरून तू लिहून दिलेला राजीनामा टाकायला. गुरुपादप्पा गेले तोवर टपाल निघून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मीच नेला नाही. टाकला का म्हणून तू विचारलंस, तेव्हा मी मान हलवली, ते खोटं होतं. उभ्या नोकरीत कुणाचं साधं कार्डसुद्धा अडवलं नाही, ते तुझं अडवलं. पाकीट या पत्रासोबत आहे, जसं दिलं होतंस तसंच बंद. सोमवारी तुझी रजा संपते. टाकायचं की फाडायचं, ते तू ठरव, मी आता एक शब्द बोलणार नाही. फक्त ती घोंगडी धुऊन, घडी घालून ठेवलीय. लातूरच्या खोलीची खिडकी केवढी आहे, तेवढं कळव.

तुझाच,
बाबा