धुळे गाडीतले फुटबॉलवाले

६ जानेवारी, सोमवार

आज माझ्या गाडीत कायतान बसला होता. कायतान! गोव्याचा गोलकीपर. मी दहावीला असताना त्याने सेमीफायनलला तीन पेनल्टी अडवल्या होत्या, आणि मी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर इतकी किंचाळले की पुढे आठवडाभर त्यांनी मला घरात घेतलं नाही.

जळगावहून साडेआठची धुळे गाडी. एरंडोल सोडल्यावर तिकिटं काढत मागे गेले. खिडकीशी एक धिप्पाड माणूस, डोकं पांढरं झालेलं. तिकीट घ्यायला हात पुढे केला, तर डावी करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. ती करंगळी मी कुठेही ओळखीन — तिसरी पेनल्टी अडवताना मोडली होती.

"सर, तुम्ही कायतान ना?"

त्याने खिडकीकडून मान वळवली. मग म्हणाला, "तुला कसं माहीत, बाय? त्या दिवशी माझी बायकोसुद्धा मॅच बघत नव्हती."

आता बँकेत आहे. धुळ्याच्या शाखेत तपासणीला चालला होता. पारोळ्यापर्यंत मी उभ्या उभ्या त्याला अख्खी मॅच सांगितली — त्याचीच! पारोळ्याला उतरणाऱ्या म्हातारीने माझा पदर, म्हणजे बॅगेचा पट्टा, ओढला तेव्हा कुठे बेल मारली.

धुळ्याला चहा पिताना अभिमनभाऊंना सांगितलं. अभिमनभाऊ माझे ड्रायव्हर. दोन वर्षं आमची जोडी आहे. मी फुटबॉल बोलते, ते ऐकतात. आज म्हणाले, "असेल." संपलं. या माणसाला मी तीनदा बशीत बिस्किटं मांडून ऑफसाइड समजावलाय.

७ जानेवारी

चौथ्यांदा समजावला. भाऊ म्हणाले, "हं."

१९ जानेवारी, रविवार

सुट्टी. सावद्याला लताकडे गेले. बहिणीचं सासर म्हणजे केळीच केळी. सध्या माल भरायचं चाललंय. शेडमध्ये केरळहून आलेला एक व्यापारी घड बघत होता. टेबलावरून चिकटपट्टीचा रोल घरंगळला. त्याने खाली न बघता पायावर झेलला, वर उडवला आणि हातात घेतला.

असं कोणी उगाच करत नाही. मी सरळ विचारलं, "कुठे खेळायचात?"

मुंबईत, चार सीझन, मिडफील्डला. बेनी नाव. हिंदीत बोलत होता. मी जळगावची म्हटल्यावर म्हणाला, "तुमच्याकडचा एक पोरगा होता आमच्याकडे. लेफ्ट बॅक. प्रॅक्टिसला त्याच्या बाजूने कोणी जायला तयार नसायचं." मोबाइलमध्ये जुना टीमचा फोटो काढून दाखवला. मागच्या रांगेत डावीकडून दुसरा. केस भरपूर, पोट नाही, मिशी नाही.

अभिमनभाऊ.

लता विचारत होती काय झालं, काय झालं. मी खोक्यावर बसून घेतलं.

२० जानेवारी

मी मुकटी गाव येईपर्यंत गप्प होते. भाऊंनीच आरशातून विचारलं, "तब्येत बरी नाही का, ताई?" धुळ्याला गाडी लावल्यावर सांगितलं — सावद्याला बेनी भेटला.

त्यांनी इंजिन बंद केलं. किल्ली खिशात टाकली.

"बठ्ठं खरं शे," अहिराणीत म्हणाले, म्हणजे सगळं खरं आहे. "एकच सीझन. अकरा मॅच. मग गुडघा गेला."

मी चिडले. चिडणारच. "आणि मी दोन वर्षं तुम्हाला बिस्किटांनी ऑफसाइड शिकवतेय! सांगायचं नाही?"

"सांगितलं की लोक विचारतात, मग इथे कसा काय? त्याचं उत्तर देऊन कंटाळलो. तुम्ही नुसतं खेळाचं बोलायच्या. घरी त्याचं कोणी नाव काढत नाही. मला ऐकायला बरं वाटायचं."

मग म्हणाले, "कोणाला सांगू नका, ज्योतीताई."

नाही सांगणार म्हटलं.

२१ जानेवारी

परतताना दोघं पूर्ण वेळ बोललो. म्हणजे ते बोलले! लेफ्ट बॅकने विंगरच्या पायाकडे नाही, कमरेकडे बघायचं असतं. पाय फसवतात, कंबर फसवत नाही. हे मला कोणत्याही कॉमेंटरीत ऐकायला मिळालं नव्हतं.

२३ जानेवारी

सांगितलं.

कँटीनमध्ये मगन, आमच्या डेपोचा क्लार्क, चारचौघांत म्हणाला, "अभिमनला स्टिअरिंग सोडून जगातलं काय कळतं?" माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं. फोटोसकट. बेनीकडून मागून घेतला होता ना.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर मगनने भाऊंचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फोटो मोठा करून लावलेला. भाऊंनी शाल घेतली, "आभारी आहे," म्हणाले आणि खाली बसले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी नंतर शोधलं, तोवर निघून गेले होते.

चार दिवससुद्धा तोंड बंद ठेवता आलं नाही मला.

२८ जानेवारी

ड्यूटी चार्ट लागला. अभिमनभाऊ चोपडा गाडीवर. मगन म्हणाला, त्यांनी स्वतः अर्ज करून मागून घेतली. माझ्यापासून सुटका, दुसरं काय.

३ फेब्रुवारी

नवे ड्रायव्हर नवलभाऊ. चांगले आहेत. गाणी ऐकतात. धुळ्याला एकटीने चहा घेतला, बिस्किटं नुसती खाल्ली.

एक माफीचा मेसेज लिहिला. पाठवला नाही. पुन्हा लिहिला, पाठवला. बघितल्याची खूण आली. उत्तर नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

भाऊंचा फोन! इतकंच — "उद्या सुट्टी शे ना? सकाळी सहाला डेपोमागच्या मैदानावर या. बूट घालून."

१६ फेब्रुवारी, रविवार

मैदानावर नऊ बायका. आमच्या तीन कंडक्टर, वर्कशॉपमधली पुनम, दोन नर्स, बाकीच्या कोण कोण. सत्कारानंतर पुनमनेच भाऊंना विचारलं होतं, आम्हाला शिकवाल का. साडेआठची धुळे गाडी असली तर रोज सकाळी शिकवायला वेळ मिळत नाही, चोपड्याची दहाला निघते. ड्यूटी त्यासाठी बदलली होती. मेसेजचं विचारलं, तर म्हणाले, "टाइप करता येत नाही मला. आणि राग दोनच दिवस होता."

मग बोट दाखवून म्हणाले, "डावीकडे कोणी नाही. उभ्या राहा."

सदतीस वर्षांची झाले, आजवर मी फक्त बघितलं. आज बॉल माझ्याकडे आला. मी पुनमकडे ढकलला आणि तो तिच्यापर्यंत पोचला.