एक तारखेले या

४ मार्च १९८२, गुरुवार

फळा लागला एकदाचा! डॉक्टरांच्या खुर्चीमागे, सगळ्यांना दिसेल असा. वेड्यांना औषध देणारं आमचं केंद्र, आता आम्हालाच टाचण्यांचं वेड! घरी राहून गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक पेशंटची एक टाचणी — ठीक असला तर हिरवी, बिघडला तर लाल. उमरेडचा भाग माझा, बुटीबोरीचा चंपतरावांचा. एकतीस तारखेला ज्याचा भाग जास्त हिरवा, त्याची नोकरी कायम. दुसऱ्याला नारळ.

चंपतराव दात काढून म्हणाले, "काहून बाई, तुमच्याकडं तं आत्ताच एक लाल होऊन राहिलं!" मेल्याचे दात पाडावेसे वाटले.

११ मार्च

माझी ती लाल पेशंट माहेरी धाडायला लावली. जिल्ह्याबाहेर गेली की टाचणीच निघते. हुशार आहे मी!

१८ मार्च

मैनाबाई आली, उमरेडहून. कोष्ट्याची बाई. पोरगा लहानू मागावर बसायचा. सात महिने ठीक, म्हणून फळ्यावर हिरवा.

"बाई, लहानू झोपून नाही राहिला. विहिरीच्या काठाले जाऊन बसते. उद्या आणू काय त्याले? डॉक्टरले एक डाव दाखवू द्या."

दाखवू द्या म्हणे! डॉक्टरांनी पाहिला की लाल झालाच. मी विचारलं, मारतो का? नाही. जेवतो का? थोडं. मग काय बिघडलं!

"एक तारखेले या," म्हटलं. मुद्दाम तिच्या बोलीत — बरं वाटतं त्यांना. जुन्याच गोळ्या बांधून दिल्या. पाया पडली माझ्या. किळस आली.

२५ मार्च

मैनाबाई परत नाही आली. शहाणी आहे. चंपतरावांकडे तीन लाल! आज दोन पोळ्या जास्त गेल्या.

३१ मार्च

जिंकले! माझा भाग सगळा हिरवा. डॉक्टरांनी पेढे मागवले. चंपतराव टाचण्यांची डबी टेबलावर ठेवून निघून गेले. तीन मुली आहेत म्हणे लग्नाच्या. असू देत.

१ एप्रिल, गुरुवार

मैनाबाई माझ्याआधी दारात. एकटी.

"सोमवारी गेला बाई लहानू. विहिरीत. तुम्ही एक तारीख सांगतली होती, म्हून आली." उरलेल्या गोळ्यांची पुडी पुढे केली. "घ्या. कोणाच्या तरी लेकराले कामी येईन."

घेतली. फळ्यापाशी जाऊन उभी राहिले. मेलेल्याला कोणता रंग, ते कोणी ठरवलेलंच नाही.