ओटा खाली कोणी घेतला?

तीर्थस्वरूप आत्याला उभ्या उभ्याच साष्टांग नमस्कार. (आपल्या घराण्यात उभं राहणं आणि आडवं पडणं यांत अंतर तसं थोडंच, तेव्हा गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? नवा चष्मा लागला का? इकडे आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर तुझ्या सूनबाईची पाठ धरली आहे, आणि त्याला कारण तू सोडताना आम्हाला मिळवून दिलेलं हे भाड्याचं घर, त्यातलं स्वयंपाकघर, आणि त्यातही ओटा.

सूनबाईची उंची तुला ठाऊक आहे. (लग्नाच्या फोटोत मी पाटावर उभा आहे, हे अजून बाहेर फुटलेलं नाही.) "स्वयंपाकघर कसं हाताशी आहे बघ," असं तू म्हणाली होतीस. तुझ्या हाताशी होतं ते तिच्या गुडघ्याशी निघालं. ती भाजी चिरायला लागली की जमिनीवर पडलेली सुई शोधते आहे असं वाटतं. शेवटी आम्ही ठरवलं की भिंतीवरचा चिकटवलेला कागद काढायचा, फरशा बसवायच्या आणि ओटा उंच करून घ्यायचा. मालकीणबाईंना नंतर गोडीगुलाबीने सांगू, असा माझा बेत होता.

मला नसत्या चौकशांची खोड, हे तू लहानपणापासून बघते आहेस. कागद काढायच्या आधीपासूनच मला कोडं पडलं होतं की नळ इतका वर का? पेला विसळायला जावं तर अंघोळच होते. खिडकी ओट्याशी फटकून का वागते? शेगडी पुसता पुसता मी यावर खूप विचार केला. (सूनबाईच्या मते विचारच केला, शेगडी पुसली नाही.) मग गवंडी आला, त्याने कागद टराटरा ओढला, आणि ओट्याच्या वर चार बोटांवर भिंतभर सिमेंटची जुनी रेघ निघाली. "ओटा आधी इथं होता की हो. कुणीतरी खाली घेतलाय," असं म्हणून त्याने चहा मागितला.

कोणी घेतला असेल? मला जेवण गोड लागेना. शेवटी मी स्वतःच ओट्यापाशी उभा राहिलो, आणि काय सांगू, जणू शिंप्याने माप घेऊन शिवला होता! मग मला तुझ्या घरातल्या खुर्च्या आठवल्या. तुझ्या घरात शिरलेली एकही खुर्ची पाय शाबूत ठेवून राहिलेली नाही. आतोबा बिचारे गुडघे कानाशी घेऊन जेवायचे. आत्या, लाकडावर भागेना म्हणून तू दगडालाही हात घातलास, आणि तोही दुसऱ्याच्या! मालकीणबाई लेकीकडे गेल्या असतील तेव्हा, होय ना?

एवढ्यात ठोकाठोक ऐकून वरच्या मजल्यावरून मालकीणबाईच आल्या. फाटका कागद दोन्ही हातांनी भिंतीवर दाबून, भिंत पडू नये म्हणून धरली आहे अशा थाटात मी उभा राहिलो. त्या सरळ ओट्याशी गेल्या, दोन्ही तळवे त्यावर टेकवून जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी माझ्या मापानं बांधून घेतलेला ओटा आहे हा. याला हात लावलात तर दुसरं घर बघा." गवंडी हातोडा घेऊन पसार झाला. मला मात्र चैन पडेना. बांधला तेव्हा ओटा वर होता, मग खाली आलेला ओटा त्यांच्या मापाचा कसा?

घर सोडणं आम्हाला परवडणारं नाही, आणि सूनबाईची पाठही सोडता येत नाही. तेव्हा तिने निकाल दिला की ओटा ज्याच्या मापाचा, स्वयंपाक त्याचा. सध्या रोज भात मी करपवतो. बाकी क्षेम. लोभ आहेच, तो ओट्यासारखा खाली आणू नकोस.

तुझा भाचा (तुझ्याच मापाचा)

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. "ओटा मी खाली घेतला" असं मालकीणबाईंना दोन ओळींत कळव. त्या रागावल्या तरी तू लांब आहेस. ओटा वर जाईल आणि मी बाहेरच्या खोलीत माझ्या वर्तमानपत्राकडे जाईन.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच मालकीणबाई चहाला आल्या आणि पुन्हा ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. न राहवून मी विचारलंच. म्हणाल्या, "लेक म्हणते, आई, तू खंगलीस, वाकलीस, आता एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. मी म्हणते, माझा ओटा अजून मला तिथंच लागतो, कमरेशी. मला काही झालेलं नाही." आणि त्या हसल्या. आत्या, चार बोटं ओटा उतरला आणि चार बोटं त्या. तू काहीही कळवू नकोस. त्यांनी विचारलंच तर सांग, ओटा होता तिथंच आहे. भिंतीवर मी नवा कागद चिकटवला आहे, जाड बघून.

ता. क. (हे अक्षर सूनबाईचं.) आत्या, नमस्कार. मालकीणबाईंना चहाला मीच बोलावलं होतं. त्या ओट्याला हात लावून का उभ्या राहतात, ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. यांनी एकदा त्यांच्याच तोंडून ऐकावं, एवढीच इच्छा होती. माझी पाठ आता छान आहे, यांच्या हातचा भातही आता करपत नाही. ओटा खाली घेतलात, तुमचे फार उपकार झाले.